कारखान्याचं मागचं दार

लेकीला होसकोटेच्या पुढे सोलर पॅनेलच्या कारखान्यात काम मिळालं. रुजू होण्याआधी घरच्यांना बोलावून कारखाना दाखवतात, म्हणून ती मला घेऊन गेली. मी एरवी के. आर. पुरमच्या बाजारापलीकडे जात नाही, आणि चार माणसांत तोंड उघडत नाही. पण तिथं मला एकच गोष्ट बघायची होती. ती बघितल्याशिवाय मी तिला हो म्हणणार नव्हते.

माझी अक्का उदबत्तीच्या शेडमध्ये कामाला होती. मुली लवकर पळतात म्हणून मालक मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचा. आग पुढच्या दाराशी लागली. मी तेव्हा चौथीत होते, पुढं शाळा सुटलीच. आपली मावशी आगीत गेली, एवढं लेकीला ठाऊक होतं. कुलपाचं मी कधी तिच्यापाशी बोलले नव्हते.

कारखान्यात शिरताना सगळ्यांना पांढरे कोट, टोप्या, मास्क दिले. आतल्या मुलीही तशाच, नुसते डोळे दिसणाऱ्या. काळसर निळे, पापडाहून पातळ चौकोन त्या हलक्या हातानं ओळीत मांडत होत्या. एकीची मान जराशी डावीकडे कलली होती. अक्का काडीला मसाला वळताना अशीच बसायची. माझे पाय तिथंच थांबले.

मुलीनं वर बघितलं. "काय हवं, अम्मा?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. आवाज परक्याच मुलीचा होता. तरी मला तिच्या मानेवरून नजर काढता येईना.

पुढं एक मोठं यंत्र होतं. त्यात काच आणि ते चौकोन तापवून एकमेकांना चिकटवतात. जवळ गेलं की तोंडावर धग यायची.

"आमच्या घरीपण एक असंच तापलेलं आहे," एका मुलीची आई म्हणाली, "पण त्याच्यापासून काही वीज मिळत नाही."

सगळे हसले. मी भिंती बघत होते.

दार अगदी टोकाला होतं. वर हिरवी पाटी, आणि समोर खोक्यांची चळत. मी तिथं उभी राहिले.

"आई, चल गे," लेक कुजबुजली. "सगळे बघतात."

"हे दार उघडतं का?" आम्हाला फिरवून दाखवणाऱ्या सुपरवायझरला मी विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी मास्क खाली ओढला आणि पुन्हा विचारलं.

"उघडतं की, अम्मा. आजच माल आला, स्वल्प जागेची अडचण आहे."

"उघडून दाखवा."

"आत्ता? तुम्ही काय सरकारी इन्स्पेक्टर आहात काय?"

पुन्हा हसणं झालं. मी वरचं खोकं धरलं. ते मला उचलेना. लेकीनं टोपी आणखी खाली ओढली.

"आई, काय चाललंय तुझं?"

"तुझ्या मावशीच्या दाराला कुलूप होतं," मी म्हणाले.

 लेकीनं खोक्याची दुसरी बाजू धरली. सुपरवायझरही पुढं आला. खोकी हलली आणि लेकीनं दाराचा दांडा दाबला. दार उघडलं. बाहेर ऊन होतं आणि वाळकं गवत.

"सरी, अम्मा? झालं समाधान?"

मी उंबऱ्यात उभी राहून दार धरून ठेवलं होतं. अजून कुणीतरी बाहेर यायचं राहिलंय, असं वाटत होतं. लेकीनं माझी बोटं सोडवली, तेव्हा ते दार मिटलं.

मी तिला हो म्हणाले. आता ती रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता सांगते, "दार मोकळं आहे." मी विचारायच्या आधीच सांगते. काल मात्र दमून आली, जेवली आणि आडवी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "आज बघायचं राहिलं गे."

आज ती कामावर गेली आहे. दुपारी मी होसकोटेची बस धरणार आहे. फाटकावर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.