उर्मिलावहिनी पिस्तूल निवडतात

पिस्तुलाला हळदकुंकू लावू नये, असं त्या क्लबच्या भिंतीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाकी सगळं होतं. बोट कुठे ठेवू नये, तोंड कुठे करू नये, पळू नये, हसू नये. इंग्रजीत, अरबीत, आणि ज्यांना दोन्ही येत नाहीत त्यांच्यासाठी चित्रांत. हळदकुंकवाचं चित्र नव्हतं. हा माझा बचाव.

शारजाच्या पुढे, वाळवंट जिथे सुरू होतं तिथे हा नेमबाजीचा क्लब आहे. टेबलावर तीन पिस्तुलं मांडलेली होती. तिन्ही रिकामी, वरचा सरकता भाग मागे ओढून अडकवलेला, म्हणजे आत गोळी नाही हे लांबून दिसावं. नबिला नावाची तिथली प्रशिक्षक कानांवरचे मफ आणायला वळली. त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. आमच्या घरात शस्त्रं म्हणजे विळी आणि नेलकटर. दरवर्षी मी त्या दोघांची मनोभावे पूजा करतो आणि मनातून ओशाळतो. आज समोर खरं शस्त्र होतं, खिशात बायकोने दिलेली हळदकुंकवाची आणि अक्षतांची पुडी होती, आणि अंगात, कसं सांगू, संस्कार होते. मी मधल्या पिस्तुलाला अनामिकेने हळदीचं आणि कुंकवाचं बोट टेकवलं आणि वर चार अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा टुणकन उडाला आणि त्या उघड्या खाचेतून पिस्तुलाच्या पोटात गेला.

"स्टॉप! हात वर!" नबिला ओरडली.

डोक्यावरचे लाल दिवे लागले. शेजारच्या सगळ्या गल्ल्यांतले नेमबाज हत्यारं खाली ठेवून मागे सरकले. मी हात वर केले, तर बोट लालभडक.

"ब्लड?"

"नो मॅडम. कुंकू."

नबिला दुबईचीच. हिंदी तिला सिनेमांनी शिकवलेलं. ती माझ्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अंकल, यहाँ बिना पूछे कोई चीज को हाथ नहीं लगाता. कोई चीज को." ओरडली तेव्हा मी एवढा घाबरलो नव्हतो.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, त्या उर्मिलावहिनी? त्या टेबलाखाली होत्या.

उर्मिलावहिनी गुळवणी म्हणजे माझ्या मित्राची, विलासची बायको. दुबईत अल कुसैसला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. विलास समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो, आणि घरी असला की झोपलेला असतो. वहिनी विमा कंपनीत सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि कोण खोटं बोलतंय ते सांगायचं, हा त्यांचा व्यवसाय. कुसैसच्या गॅरेजांमधून त्या फिरायला लागल्या की चांगले मिशाळ मेकॅनिक शर्टाची बटणं लावतात. एकदा एका गृहस्थाने सांगितलं होतं, हायवेवर उंट आडवा आला. वहिनींनी बंपरवर नख फिरवलं आणि विचारलं, "आपके ऊँट को पीला ऑइलपेंट किसने लगाया?" उंट म्हणजे बेसमेंटमधला खांब निघाला.

अशा ह्या बाईचा स्वतःचा टायर उन्हाळ्यात एमिरेट्स रोडवर फुटला. शेजारून ट्रेलर चाललेला, वेग पुरेसा, आणि धाडकन आवाज. त्यांनी काय काय केलं ते मी नंतर ऐकलं: ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी अलगद कडेला घेतली, दिवे लावले, ऑफिसला फोन केला. अगदी पुस्तकात लिहावं तसं. मग मात्र त्यांना गाडीतून उतरता येईना. पोलीस आले तेव्हा त्या स्टिअरिंग धरून बसल्या होत्या आणि "खलास, मॅडम, खलास," असं म्हणत पोलिसाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

तेव्हापासून गाडी बेसमेंटमध्ये. आवाज झाला की वहिनी जागच्या जागी थिजतात. कुकर बंद झाला. वरण पातेल्यात शिजायला लागलं. दरवाजा वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या फटीत जुनी चप्पल. गणपतीत केयाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, मैत्रिणींनी फुगे लावले, तर वहिनींनी ते सुईने नव्हे, गाठी सोडून एकेक रिकामे केले. केया इथेच वाढलेली. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. आई नेमबाजीला जाणार हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, यू आर स्केअर्ड ऑफ पॉपकॉर्न."

खरं होतं ते. पण तिकडे ऑफिसात नीरव नावाचा नवा मॅनेजर आला होता. गोड मुलगा. गोड मुलांची भीती वेगळी असते. तो म्हणाला, "मॅम, नो प्रेशर. पण तुम्ही ड्राइव्ह करणार नसाल तर नेक्स्ट मंथपासून अल बर्शाच्या कॉल सेंटरला बसा ना. एसी आहे, कॉफी मशीन आहे." सोमवारी रास अल खैमाला एका गोदामातल्या ठोकलेल्या गाड्या बघायला जायचं होतं. वहिनी स्वतः गाडी चालवत गेल्या तर सर्व्हेअर, नाही तर हेडफोन.

"मी फोनवर गाडीला नख कसं लावू, भावोजी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "योगा करून बघा."

त्यांनी योगा केला नाही. विचार केला. दोन दिवसांनी माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, "टायर मला न विचारता फुटला. मला असं काहीतरी हवंय, जे मी दाबल्याशिवाय फुटणारच नाही. शनिवारी येता का? माझीच गाडी, पण तुम्ही चालवा."

असे आम्ही इथे आलो होतो. नवशिक्याने आधी एक पिस्तूल निवडायचं, मग तेच घेऊन शिकायचं, अशी त्या क्लबची रीत. पिस्तूल क्लबचंच. ते तिजोरीतून येतं आणि तिजोरीत जातं. आपल्याबरोबर घरी येतो तो फक्त भोकं पडलेला कागद. हे विलासला फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "ठीक आहे, पण रीसेल कशाला जास्त आहे ते बघ."

आता टेबलाखालून वहिनी बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं, आता घरी. पण पिस्तुलाला काहीतरी झालंय हे कानावर पडलं आणि त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. सर्व्हेअर लोक वस्तूला हात न लावता बघतात. त्या वाकल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"अंदर चावल गया है," त्या नबिलाला म्हणाल्या. "खोलना पड़ेगा. गलती पूरी इनकी है."

नबिला पहिल्यांदा हसली. पिस्तूल दुरुस्तीच्या खोलीत गेलं आणि मी काचेच्या पलीकडे. शिक्षा म्हणून. खरं सांगतो, इतकी सुखाची शिक्षा मला आयुष्यात झाली नव्हती. काच जाड होती.

अडचण अशी, की वहिनींचं मन जवळजवळ त्या मधल्या पिस्तुलावरच बसलं होतं. फार मोठं नाही, फार लहान नाही. साडीच्या दुकानातही त्या नेहमी मधल्या गठ्ठ्यातलीच घेतात. आता उरली दोन. एक काळं, जाडजूड, नऊ एमएम. दुसरं सडपातळ, पॉइंट टू-टू. आवाज कमी, धक्का कमी. माझ्या बाजूला स्पीकर होता, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं. मी काचेवर टकटक करून मोठ्याकडे बोट दाखवलं. पिस्तुलातलं मला काहीही कळत नाही, पण लहान वस्तू घेतली की आपल्याला फसवलं, असं आमच्या पिढीला वाटतंच.

"पहले हाथ," नबिला म्हणाली. "हाथ को पूछो."

वहिनींनी मोठं उचललं. बोट चापापर्यंत पोचेना. पोचलं तर मनगट वाकडं होई. सरकता भाग मागे ओढायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर हात सुटला आणि तो खट्टकन पुढे आदळला. गोळी नव्हती, काही नव्हतं, नुसतं लोखंड. वहिनींनी डोळे मिटले. इतके घट्ट, की मला काचेपलीकडून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या दिसल्या. माझेही मिटले होते. हे अधूनमधून उघडून बघितलं म्हणून सांगतो.

मग लहान. ते त्यांच्या मुठीत बसलं. सरकता भाग सहज मागे आला. त्यांनी ते समोर धरलं, रिकामंच, आणि नबिलाने सांगितल्याप्रमाणे चाप दाबला. टिक्. पुन्हा. टिक्. चेहऱ्यावर थोडा रंग आला.

"इसमें आवाज़ बच्चे जैसा है," नबिला म्हणाली. "लेकिन आप तो आवाज़ के लिए आई हैं ना? बड़ा चाहिए तो मैं पकड़ के चलवाती हूँ. आपकी मर्ज़ी."

वहिनींनी दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. मोठं घेतलं तर एका आवाजात सगळं संपेल, लहान घेतलं तर सोमवार तसाच येईल, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "पकड़ के नहीं. जो मैं अकेली चला सकूँ, वो." आणि मोठं बाजूला सारलं.

नबिलाने गोळ्या भरल्या. लाल दिवे विझले. शेजारच्या गल्लीतल्या धिप्पाड माणसाने त्याच क्षणी आपलं नऊ एमएम झाडलं.

काच थरथरली. वहिनी गोठल्या. अगदी एमिरेट्स रोडवरच्यासारख्या: खांदे वर, तोंड किंचित उघडं, दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. फक्त ह्या वेळी हातात स्टिअरिंग नव्हतं, भरलेलं पिस्तूल होतं. मला ओरडायचं होतं. पण आवाजच नको होता. नबिला त्यांच्या खांद्यामागे उभी होती. तिने पिस्तुलाला हात लावला नाही. म्हणाली, "उंगली बाहर है. बहुत अच्छा. अब नीचे रखो, यल्ला, आराम से."

खरंच, बोट चापाबाहेर सरळ होतं. एवढ्या भीतीतही. वहिनींनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, मागे सरकल्या आणि खुर्चीत बसून रडल्या. आवाज न करता. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, चष्म्याखालून पाणी. नबिलाने त्यांना पाण्याची बाटली दिली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, कागदाचे गठ्ठे उगाच नीट लावत.

मी मनातल्या मनात नीरवला फोन लावला होता. म्हणालो होतो, बाबा रे, ठेव तुझं कॉफी मशीन तयार.

शेजारच्याने पुन्हा झाडलं. वहिनी खुर्चीतल्या खुर्चीत उडाल्या. उठल्या. टेबलापाशी गेल्या. त्याने परत झाडलं, परत उडाल्या, पण उडता उडता उभ्या राहिल्या. पिस्तूल उचललं. दोन्ही हातांनी समोर धरलं. मग पट्, असा आवाज आला. स्पीकरमधून तर तो मोहरी तडतडावी तसा वाटला.

पहिली गोळी कुठे गेली ते कळलं नाही. दुसरी शेजारच्या धिप्पाडाच्या कागदाला लागली. तो वळून बघायला लागला. वहिनी म्हणाल्या, "सॉरी," आणि तिसरी झाडली. ती स्वतःच्या कागदाच्या कोपऱ्यात. प्रत्येक गोळीआधी त्यांच्या ओठांवर काहीतरी येत होतं. मला वाटलं रामरक्षा. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "आत्ता फुटणार, आत्ता फुटणार, एवढंच म्हणत होते."

शेवटपर्यंत त्या घाबरलेल्याच होत्या, हे मी काचेवर नाक टेकवून पाहिलंय. दुसऱ्याच्या प्रत्येक आवाजाला दचकत होत्या. स्वतःच्या आवाजाला मात्र, कधीतरी मध्येच, दचकायच्या थांबल्या.

निघताना नबिलाने त्यांना तो कागद गुंडाळून दिला आणि गालाला गाल लावले. "अगले हफ़्ते आना, इन्शाल्ला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "इनको दुकान वग़ैरह ले जाओ, यहाँ नहीं."

बाहेर ऊन रणरणत होतं. वहिनींची गाडी पार्किंगच्या पत्र्याखाली उभी होती. मी किल्ली काढली, दरवाजा उघडला, आत बसून एसी लावला. मोठ्या माणसाने बोलावं तसं काहीतरी बोलायला हवं, असं मला वाटलं. वहिनी गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत उभ्या होत्या.

"काय वहिनी," मी म्हणालो, "मग, गेली का भीती?"

"नाही. उतरा, किल्ली द्या."