पाटीवाल्यांची निलगिरी

बागेत साडेतीनशे जातींची झाडं होती आणि त्यांच्या नावांच्या पाट्या रंगवणारा माणूस एकच. सगळे त्यांना पाटीवाले म्हणत. सव्वीस वर्षं पाट्या रंगवून गृहस्थांची पक्की समजूत झाली होती, की झाडं उभी आहेत ती केवळ पाट्यांना टेकू म्हणून. माळी म्हणजे मातीत हात घालणारी माणसं. शास्त्रज्ञ कोण, तर हे!

दरवर्षी ते एका रांगेतल्या सगळ्या पाट्या एकदम उतरवत, शेडमध्ये रंगवत आणि फाटकापासून त्याच क्रमाने पुन्हा ठोकत. मान वर करून झाडाकडे बघायचं कामच काय? यंदा पाट्या वाळत असतानाच वादळात सातवं झाड पडलं आणि माळ्यांनी ते बुंध्यासकट उचलून नेलं. पाटीवाल्यांना पत्ताच नाही. सातवी पाटी आठव्या झाडावर, आठवी नवव्यावर, अशी अख्खी रांग एका घराने सरकली. शेवटी एक पाटी उरली, ती त्यांनी खुशाल पाण्याच्या टाकीवर ठोकली. टाकीचा सीताअशोक झाला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि मग आली नातीच्या वर्गाची सहल. पोर तिसरीत. "माझ्या आजोबांना सगळी झाडं ओळखता येतात," असं आठवडाभर वर्गाला सांगून तिने सगळ्यांचे कान किटवले होते. आजोबाही इस्त्रीचा शर्ट घालून फाटकावर हजर. लेकीच्या घरी जावई त्यांना तोंडावर रंगारी म्हणायचा. मानणारी काय ती ही नात एकटीच, आणि तिच्या त्या मानण्यावर म्हातारा जगत होता.

"पाट्या वाचा, नावं वहीत उतरवा. इकडेतिकडे बघू नका," बाईंनी बजावलं. बागेत येऊन इकडेतिकडे बघायचं नाही! चाळीस माना वह्यांत गेल्या. एक तेवढी वर राहिली.

"बाई, हा फणस आहे!" नात ओरडली.

"पाटीवर काय आहे?"

"निलगिरी. पण फणस लागलेत ना!"

वर्ग खो खो हसला. बाई चिडल्या. "फार शहाणी! आजोबांपेक्षा तुला जास्त कळतं? विचार त्यांनाच."

पाटीवाल्यांनी मान वर केली. बुंध्याला चांगले सात-आठ फणस लोंबत होते. त्यांना टाकीवर ठोकलेली ती उरलेली पाटी आठवली आणि सगळा घोळ ध्यानात आला. पलीकडे दोन माळी फावड्यावर रेलून मजा बघत होते.

"आजोबा, सांगा ना," नात म्हणाली.

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. त्याला असे कितीसे कष्ट पडतात? पण माळ्यांसमोर? त्यांनी घसा खाकरला.

"पाटी बरोबर आहे. ही निलगिरीची परदेशी जात."

पोरं पुन्हा हसली. नातीने वहीतला फणस खोडला आणि निलगिरी लिहिली.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आत त्यांनी सगळी रांग सरळ केली. रविवारी लेकीकडे गेले. "चल गं, बागेत जाऊ. एक गंमत दाखवतो."

नातीने वहीतून डोकं काढलं नाही.

"अगं, आजोबा बोलावतायत," लेक म्हणाली. "त्यांच्याइतकी झाडं कळतात का कुणाला?"

"कळतात ना त्यांना," पोर म्हणाली. "तेव्हाही कळलं होतं. मी त्यांच्याकडेच बघत होते."