बोट मागे, ओठ पुढे

चिमणाबाई रणपिसे घड्याळ बांधत नसत. दूध वर यायला मेंढपाळाचे स्तोत्र दोनदा म्हणावे लागे, भात शिजायला डोंगरांकडे डोळे लावणाऱ्याचे स्तोत्र बरेचदा, आणि इस्पितळातल्या डोळ्यांच्या विभागाची लांबलचक ओसरी पुसून व्हायला दाविदाने आपल्या पापाची कबुली दिली ते मोठे स्तोत्र पाच वेळा. फिनाइलच्या पाण्यात फडके पिळताना त्यांचे ओठ हलत असत. नव्या नर्सांना वाटे, ही आया आपल्याला शिव्या देते आहे. जुन्यांना माहीत होते.

बाप नगरकडे एका मिशनच्या बोर्डिंगात पहारेकरी होता. दिवेलागणीला तो पवित्र शास्त्र मोठ्याने वाची आणि चिमणा भाकऱ्या थापता थापता ऐके. पाठची तीन भावंडे सांभाळायची होती, म्हणून तिची शाळा राहिली; पण ऐकलेले काही राहिले नाही. एकदा कानावर पडले की ते काळ्या दगडावरची रेघ. सगळी स्तोत्रे पाठ, योहानाचे शुभवर्तमान पाठ. नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय मात्र बापाने घरात कधी वाचला नाही. त्यातली सद्गुणी बायको स्वतः पारख करून शेत विकत घेते. "तुझ्या आईच्या कानावर गेलं तर ती उद्या शेत मागेल," असे तो म्हणे.

गुजरात वेगळे झाल्यावर चार वर्षांनी गोविंदशी लग्न होऊन त्या बडोद्याला आल्या. गोविंद प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर. तिथल्याच दोन खोल्यांत संसार मांडला. पहिल्याच महिन्यात महिला मंडळाच्या सभेत कुणीतरी त्यांच्या हातात पुस्तक ठेवले आणि एक स्तोत्र वाचा म्हणाले. चिमणाबाईंनी पुस्तक उघडले, मान खाली घातली आणि स्तोत्र म्हटले. बायका म्हणाल्या, काय गोड वाचता हो तुम्ही. तेव्हाच सांगायला हवे होते. नव्या नवरीच्या तोंडून निघाले नाही, आणि मग पंधरा वर्षे निघाले नाही. पगाराला सही लागे, ती त्या रांगोळीसारखी गिरवत. घरी गोविंदला ठाऊक होते, बाकी कुणाला नाही. आजाऱ्याच्या उशाशी वाचायला, बाळंतिणीच्या घरी वाचायला मंडळी त्यांनाच बोलवू लागली.

त्यांच्या मंडळीची उपासना मराठीत, गुजराती उपासना आटोपली की त्याच ख्रिस्ती देवळात दुपारी होई. पाळक होते आनंदराव साळवे, तरुण आणि उत्साही. एका रविवारी ते चिमणाबाईंना म्हणाले, अडीच महिन्यांनी महिला रविवार आहे, त्या दिवसाचा शास्त्रपाठ तुम्ही वाचा; नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय, सद्गुणी स्त्रीची बावीस वचने. नेमका न ऐकलेला. पण नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. चिमणाबाई हो म्हणाल्या.

गोविंदला त्यात काही अडचण दिसली नाही. मी दोन वेळा वाचून दाखवतो, तुला पाठ होईल, कुणाला काय कळणार, असे त्याचे म्हणणे. नेहमीचाच उपाय होता. त्याही बरे म्हणाल्या.

त्याच आठवड्यात अहल्याबाईंनी त्यांना पकडले.

अहल्याबाई मराठी शाळेतल्या निवृत्त बाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. एका डोळ्याचे मागच्या साली झाले होते, आता दुसऱ्याचे. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधून माणसाला हलू न देता निजवून ठेवत. खाटेवरच्यांचा दिवस सरता सरत नसे. काम आटोपले की चिमणाबाई स्टुलावर बसत, पुस्तक कुठेही उघडत आणि हिंदू, मुसलमान, जो ऐकेल त्याला स्तोत्र वाचून दाखवत. बांधलेल्या डोळ्यांपुढे पुस्तकाची गरज नव्हती. पण सवय. बोटसुद्धा ओळीवरून फिरवत.

पाचव्या दिवशी सकाळी अहल्याबाईंच्या मागच्या साली ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी निघाली. त्यांनी जाड भिंगाचा चष्मा चढवला आणि शेजारी चाललेल्या वाचनाकडे मान वळवली. थोडा वेळ पाहिले. मग शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "चिमणाबाई, या पानावर कुणाचा मुलगा कोण याची नुसती यादी आहे. मेंढपाळ कुठं दिसत नाही."

चिमणाबाईंनी पुस्तक मिटले. 

"सत्तावीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय मी," अहल्याबाई म्हणाल्या. "न वाचता वाचणारं पोर मला पाठमोरं ओळखता येतं. तुमची लबाडी कळायला मात्र पट्टी निघावी लागली. फार सुरेख करता."

कुणाला सांगू नका, एवढेच चिमणाबाईंना बोलता आले. मी कशाला सांगू, त्या म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा.

चिमणाबाई बादली घेऊन ओसरीवर गेल्या. कबुलीचे स्तोत्र सुरू झाले. दाविदाने म्हटले आहे की देवाला मनाच्या अगदी आतल्या बाजूला खरेपणा हवा असतो. ते वचन त्या रोज पाच वेळा म्हणत आल्या होत्या, सगळा हिशेब केला तर हजारो वेळा. त्या दिवशी जीभ त्या वचनावर आली आणि पुढे सरकेना. पुन्हा सुरुवातीपासून म्हटले, पुन्हा तिथेच अडले. अर्धी ओसरी ओली, अर्धी कोरडी, आणि चिमणाबाई फडके हातात धरून उकिडव्या बसलेल्या. जे तोंडात इतकी वर्षे घोळवले, ते आपल्यालाच विचारते आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळले. स्तोत्र पुरे न करताच त्या उठल्या आणि थेट खाटेपाशी गेल्या.

"बाई, मला शिकवाल का? दहा आठवडे आहेत."

अहल्याबाईंनी चष्मा काढून पुसला. "आधी रडायचं नाही असं कबूल करा. पहिलीतली मुलं फार रडतात."

अहल्याबाई मुलाकडे गोत्रीला राहत, नव्या सोसायटीत. मंगळवारी आणि शनिवारी पाळी संपली की चिमणाबाई दोन बसगाड्या बदलून तिथे पोचू लागल्या. मुळाक्षरे लवकर आली. पेच पुढे पडला. स्तोत्र समोर ठेवले की पहिला शब्द ओळखताच जीभ सुटे आणि बोट मागे राही. बोट दुसऱ्या ओळीवर, तर ओठ पाचव्या. अहल्याबाईंनी दोन दिवस पाहिले आणि सांगून टाकले की येणारे काहीही वाचायचे नाही. शास्त्र बंद.

पण न येणारे मराठी आणायचे कुठून? बडोद्यातल्या दुकानांच्या पाट्या गुजराती, बसवरचे फलक गुजराती. अहल्याबाईंनी ट्रंकेतून आपल्या दिरांची पुण्याहून आलेली जुनी पत्रे काढली. पत्र पोचले. पायाची सूज तशीच आहे. तूरडाळ महागली. चिमणाबाई एकेक अक्षर धरून वाचत आणि घामाघूम होत.

"मला शास्त्र वाचायचंय, बाई. तुमच्या दिरांची सूज वाचून काय करू?"

"सूज वाचता आली की शास्त्र येईल. उलटं होत नाही."

तिसऱ्या आठवड्यात चिमणाबाई रडल्या, आणि कबूल केले होते म्हणून मोरीत जाऊन रडल्या. बाहेर आल्यावर पुढचे पत्र उघडले. जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू, हे प्रभूचे सांगणे त्यांना लहानपणापासून पाठ होते. आता ते सुजेच्या पत्रावर लावून पाहायचे होते. सातव्या आठवड्यात त्यांनी एक अख्खे पत्र एकट्याने वाचले. दिरांची सूज उतरली होती. दोघींना खरेच बरे वाटले.

मग अहल्याबाईंनी लग्नाच्या एका जुन्या पत्रिकेच्या कार्डाला एका शब्दापुरती खिडकी कापली. ती ओळीवर ठेवायची. खिडकीत दिसेल तेवढेच वाचायचे, मग सरकवायची. या खिडकीतून नीतिसूत्रांचा तो अध्याय सुरू झाला. चिमणाबाईंनी गोविंदला बजावले होते की तो अध्याय माझ्यासमोर वाचायचा नाही.

महिला रविवारला चार दिवस उरले आणि गोविंदचा धीर सुटला. बायको भर देवळात अडखळणार, लोक हसणार. सकाळी ती कणीक मळत बसली असताना तो बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसला आणि अध्याय खणखणीत आवाजात वाचला. लागोपाठ तीन वेळा. चिमणाबाईंचे हात कणकेत. कानाला झाकण नसते. हात धुऊन त्या बाहेर आल्या तोवर बावीसच्या बावीस वचने आत जाऊन बसली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"मदत केली. आता अडलीस तरी तोंड आहे."

"तेच तर नको होतं मला. डोळ्यांचं काम तुम्ही कानांना देऊन टाकलंत."

गोविंद ओशाळला, पण मनातून त्याला सुटल्यासारखेही वाटले. चिमणाबाई त्या दिवशी पाळीवर असताना एक स्तोत्रही म्हणाल्या नाहीत. शनिवारी अहल्याबाईंना सगळे सांगितले. अहल्याबाई म्हणाल्या, विसरणे तुमच्या हातात नाही, कार्ड तुमच्या हातात आहे.

रविवारी देऊळ भरले होते. चिमणाबाई पुढे गेल्या, पुस्तक उघडले, ओळीवर कार्ड ठेवले. कार्ड पाहून काहींनी एकमेकांकडे पाहिले. वाचन सुरू झाले, सावकाश, एकेक शब्द. पहिली सात वचने त्यांनी डोळ्यांनी वाचली. मंडळी चुळबुळू लागली. चिमणाबाईंचे वाचन असे नसते. मग कुठेतरी चाल लागली. आवाज मोकळा झाला, नेहमीचा गोडवा आला, बायका माना हलवू लागल्या. गोविंदने श्वास सोडला.

तोंडातून गोरगरिबांना हात देण्याचे शब्द निघत होते. चिमणाबाईंनी खाली पाहिले. कार्डाच्या खिडकीत अजून दोन वचने मागचा रात्रीचा ‘दिवा’ होता.

कुणाला कळले नव्हते. तसेच पुढे गेले असते तर उपासना वेळेवर संपली असती. चिमणाबाई थांबल्या. पुस्तकावरून मान वर केली.

"मंडळी, मला वाचता येत नव्हतं. पंधरा वर्षं तुमच्यापुढं पुस्तक धरून जे म्हटलं, ते पाठ होतं. दहा आठवड्यांपासून शिकतेय. आता शेवटची दोन वचनं मी वाचली नाहीत, पाठ म्हटली. ती परत वाचते."

 पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि हळू आवाजात म्हणाले, उरलेला भाग मी वाचू का?

"नको, साहेब. तुम्ही बसा. वेळ लागेल."

त्यांनी कार्ड दिव्यावरच ठेवले आणि तिथून पुढे एकेक शब्द सुरू केला. जीभ ओढ घेत होती, प्रत्येक शब्दाला त्या तिला मागे खेचत होत्या. एका जोडाक्षरावर बराच वेळ गेला. ओठांवर ते आयते तयार होते. त्यांनी ते अक्षर फोडून वाचले तेव्हाच उच्चारले. मागच्या बाकावरची दोन कुटुंबे हळूच उठून गेली, त्यांना पादरा गावची बस गाठायची होती. एक म्हातारी नेहमीची गोड चाल ऐकायला मिळेना म्हणून कुरकुरली. चिमणाबाईंनी वर पाहिले नाही. खिडकीतला शब्द सुटला असता. बाविसावे वचन संपले तेव्हा त्यांच्या पोलक्याची पाठ भिजली होती.

बाहेर पायऱ्यांवर काही बायका बोलल्या, काही बोलल्या नाहीत. एकीने तोंडावर म्हटले, पंधरा वर्षं फसवलंत आम्हाला. हो, फसवलं, चिमणाबाई म्हणाल्या. तेवढ्यात पाळकसाहेब आले आणि जरा अवघडून म्हणाले, पुन्हा कधी शास्त्रपाठ घ्याल का, की आता नको?

"घेईन की. पण सहा आठवडे आधी सांगा." मग त्या सायकल धरून उभ्या असलेल्या गोविंदकडे वळल्या. "आणि तुम्ही तोवर घरात मनातल्या मनात वाचायचं."