लपवलेला कॉलम

ऑइलपेंटचा वास आला की मला आमचं नाहूरचं नवं ऑफिस आठवतं. तिथल्या पहिल्याच दुपारी आमच्या बॉस मॅडमची एक्सेल शीट मी सगळ्यांनी वापरायच्या प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली, आणि त्यांनी लपवून ठेवलेला शेऱ्यांचा कॉलमही सोबत आला. प्रत्येकाच्या नावापुढे मॅडमचं मत. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या नावापुढे होतं, 'मार्चनंतर ठेवायचं नाही.' तेवढ्यात तीच म्हणाली, "झालं का गं? लॉगिन करू?" "थांब ना, दोन मिनिटं," म्हणत मी एकेक शेरा पुसत सुटले. शेवटचा माझा होता: 'चूक झाली तर स्वतःहून सांगते.' तोही पुसला. मॅडमनी विचारलं, "काही अडचण?" मी नाही म्हटलं. आता त्या रिटायर झाल्यात. मी अजून सांगितलेलं नाही, त्यांनाही आणि तिलाही.