कुणाचा तरी हात लागला असणार

लोकांच्या घरातले मोठे फिश टँक चालू ठेवणं हे माझं काम. मासे मला फारसे कळत नाहीत, टँकखालच्या कपाटातली यंत्रणा कळते. तिथे एक कंट्रोलर असतो, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. ती पाण्यावर नजर ठेवते, पंप चालवते, काही बिनसलं तर मालकाच्या मोबाईलवर कळवते. पेटीपासून एक केबल प्लगांच्या पट्टीकडे जाते आणि पंप त्या पट्टीवर असतात. पेटी आणि पट्टी यांचं बोलणं तुटलं की पट्टीवर लाल दिवा लागतो, पंप थांबतात आणि पाणी जागच्या जागी उभं राहतं. समुद्रातले मासे अशा पाण्यात फार वेळ जगत नाहीत.

पनवेलजवळ सुकापूरच्या पुढे एका बंगल्यात आठ फुटांचा असा टँक होता. मालक मूळचा शेतकरी. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तसा तोही बांधकामात शिरला. उंच, भरदार, हसरा माणूस. मला 'इंजिनीयर' म्हणायचा आणि आधी चहा पाजायचा. बंगल्याची देखभाल करायला आवारातल्या खोलीत एक जोडपं राहत होतं. दोघं डोंगराकडच्या वाडीवरचे, आधी वीटभट्टीवर कामाला होते. नवरा पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो बाग बघायचा आणि टँकची काच पुसायचा. बायको घरात झाडलोट करायची.

एप्रिलमध्ये मालकाचा पहिला फोन आला. दुपारी पंप मधूनच बंद पडत होते आणि आपोआप सुरूही होत होते. मी गेलो तेव्हा लाल दिवा लागलेला होता. कपाट उघडलं तर केबल सॉकेटमधून अर्धी बाहेर आलेली. आत दाबली, दिवा हिरवा झाला. मला त्याच दिवशी जासईला दुसरं काम होतं आणि उशीर झाला होता. सॉकेट उघडून बघायला अर्धा तास लागला असता. मी कपाट बंद केलं आणि म्हणालो, "केबल निघाली होती. साफसफाई करताना कुणाचा तरी हात लागला असणार."

मालकाने मान डोलावली. काच पुसणाऱ्या नवऱ्याला त्याने जवळ बोलावलं आणि माझ्यासमोर त्याच्या कानाखाली मारली. आवाज मोठा झाला. त्या माणसाच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने वाकून ते उचललं.

"मोबाईल लावतो तिथे चार्जिंगला," मालक मला समजावून सांगत म्हणाला. "मना म्हाईत हाय."

"मी नाय लावत," तो माणूस म्हणाला.

दुसरी बसली. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. स्क्रूड्रायव्हर सापडत नसल्यासारखं करत मी खालीच बघत राहिलो. मग निघालो. गाडीत बसल्यावर मनाशी म्हटलं, लोकांच्या घरातल्या भानगडीत आपण कशाला पडायचं. जासईचं काम नीट झालं आणि रात्री मला झोपही लागली.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी पुन्हा फोन. "मेले सगळे. ये," एवढंच बोलून त्याने ठेवला.

मी पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं आणि दिवाणखान्यातून ओरडण्याचा आवाज येत होता. टँकमध्ये मासे कुशीवर तरंगत होते. पिवळे, निळे, एक हाताएवढा करडा. टँकखालच्या कपाटाला जाड काचेचं सरकतं दार होतं. मालकाने नवऱ्याचं मनगट धरून हात त्या दाराच्या फटीत घातला होता.

"कोणता हात लावलास? हाच ना?"

"नाय लावला, शेठ."

मालकाने दार जोराने ढकललं. तो माणूस ओरडला नाही. घशातून एक बारीक आवाज आला आणि गुडघे वाकले. मालकाने दार मागे घेतलं आणि पुन्हा ढकललं. बायको मालकाच्या पाठीला लटकून त्याला मागे ओढत होती. त्याने कोपराने तिला झटकलं. ती सोफ्याच्या लाकडावर आपटली आणि तिच्या भुवईतून रक्त आलं.

मी दारात उभा होतो. "शेठ, सोडा," असं मी म्हणालो, पण इतक्या हळू की मलाच धड ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा दार लागल्यावर त्याने स्वतःच हात सोडला. त्याला धाप लागली होती. मला बघून तो म्हणाला, "हां, इंजिनीयर. चालू कर ते." आणि तोंड धुवायला आत गेला.

मी कपाटापुढे बसलो. काचेला रक्त लागलं होतं. मी कामाला लागलो. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. केबल पूर्ण आत होती, म्हणजे कुणी ओढलेली नव्हती. तरी दिवा लाल. सोबत आणलेली नवी केबल लावली, दिवा लालच. पेटी बंद करून चालू केली. दिवा हिरवा झाला. मग मिनिटाभराने पुन्हा लाल.

बायको नवऱ्याच्या हाताला पदर गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ती थंडीची मशीन सुरू झाली की लाल होतो."

"कोणती?"

तिने कपाटातल्या चिलरकडे, पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राकडे, बोट केलं. चिलर पट्टीवर नव्हता, त्याचा प्लग भिंतीत वेगळा होता, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. "ती थरथरते. कपाट हलतं. मंग लाल. ती थांबली की हिरवा. मी रोज बघते."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"इचारलं कोणी?"

मी चिलर बंद केला. दिवा हिरवा झाला. चालू केला, कपाटाची फळी गुणगुणली आणि दिवा लाल झाला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. मग पट्टीचं सॉकेट उघडलं. आतल्या बारीक पितळी पिनांवर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आणि त्याखाली हिरवा गंज. एक पिन गंजाने जवळजवळ खाल्लेली. नुसत्या थरथरीने जोड सुटत होता, आणि त्याच थरथरीने पहिल्या वेळी केबल सरकून बाहेर आली होती. एवढे दिवस जोड परत जुळत होता, त्या दुपारी जुळला नाही. पहिल्याच दिवशी अर्धा तास दिला असता तर हे सगळं मला दिसलं असतं.

मालक टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. मी उभा राहून सांगितलं, "शेठ, यांचा हात लागलेला नाही. सॉकेट गंजलंय. पहिल्या वेळी मी न बघता बोललो. चूक माझी."

त्याने टॉवेल सोफ्यावर टाकला. मग म्हणाला, "म्हणजे तू मला खोटं पाडतोस? ह्यांच्यासमोर?" आणि माझी कॉलर धरून मला टँकवर आपटलं. डोक्यामागे काच थडथडली. तोंडावर एक ठोसा बसला, मग पोटात. मी खाली पडल्यावर त्याने लाथ घातली. लहानपणी शाळेत मारामारी केली होती, त्यानंतर मला कुणी मारलं नव्हतं. मला राग आला नाही, भीती वाटली. हा आता थांबणारच नाही अशी भीती.

तो थांबला, कारण बायको मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. "आमी चाललो," ती म्हणाली. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मालकाने हात उचलला, मग खाली घेतला आणि सोफ्यावर बसला.

दोघांना गाडीत घालून मी पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नवऱ्याची तीन बोटं मोडली होती, एकाचं हाड बाहेर दिसत होतं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"दारात सापडला," तो म्हणाला.

त्यांनी माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं. "आणि तुम्ही पण दारात सापडलात?"

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. मारलंय. मी समोर होतो."

मग पोलीस आले. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी मी काय बोललो तेही. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, "ते कशाला घालता? त्याची गरज नाही." मी म्हणालो, घाला. त्याने घातलं नाही.

त्या आठवड्यात दोन माणसं माझ्या टँकच्या सामानाच्या छोट्या दुकानात आली. एकाने शटर अर्धं ओढलं, दुसऱ्याने लोखंडी पाईपने दुकानातले चारही टँक फोडले. माझ्या अंगाला हात लावला नाही. मासे लादीवर उड्या मारत होते आणि तो त्यांच्यावरून बूट घालून चालत गेला. "जबाब मागे घे," एवढंच म्हणाला. बादलीत जेवढे मासे उचलता आले तेवढे मी उचलले. जबाब मागे घेतला नाही, पण हे शौर्याने केलं असं म्हणवत नाही. तोवर माझी इतकी घाबरगुंडी उडाली होती की पोलीस ठाण्याच्या दिशेने पाऊलच पडत नव्हतं, मागे घ्यायलासुद्धा.

पुढे नवऱ्यानेच लिहून दिलं की अपघात झाला. वाडीवर त्याचे म्हातारे आईबाप होते आणि तिथेही माणसं जाऊन आली होती. प्रकरण तिथेच संपलं. मालक आजही त्याच बंगल्यात राहतो. समोर आला तर मान हलवतो.

यंदा पावसाळ्याआधी पळस्प्याच्या पुढे एका रोपवाटिकेत मी झाडं घ्यायला थांबलो, तर तो नवरा तिथे कामाला होता. उजव्या हाताची तीन बोटं सरळच राहिली आहेत, वाकत नाहीत. पाण्याचा पाईप तो काखेत धरून डाव्या हाताने रोपांना पाणी घालत होता. मला त्याने ओळखलं. बायको बरी आहे, वाडीवर असते, म्हणाला. मी रोपं निवडली. मग विचारलंच, "माझ्यावर राग आहे का?"

त्याने पाईप खाली ठेवला.

"हाय," तो म्हणाला. "त्याच्यावर हाय, तुमच्यावर पन हाय. तुमी शिकलेले. बघून बोलायचं व्हतं."

त्याने माझी रोपं उचलून गाडीत ठेवली, एकेक करून, डाव्या हाताने. मी मदत करायला पुढे झालो तर मानेनेच नको म्हणाला.