कावळ्यांसाठी काडतुसं

अल ऐनजवळच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर मी नऊ वर्षं खरेदीचं काम पाहिलं. मालक तिथलेच, आम्ही त्यांना अरबाब म्हणायचो. खिळ्यापासून जनरेटरपर्यंत काहीही घ्यायचं असलं की ते मला शेजारी बसवून गाडी काढायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पंप सांभाळायला विदर्भातला एक तरुण इंजिनियर आला. त्याच थंडीत कावळे माजले. अंडी फोडायचे, पिल्लांना टोचायचे. अरबाबकडे परवान्याची बाराबोअर बंदूक होती. काडतुसं आणायचं निघालं तेव्हा तो इंजिनियर म्हणाला, "आमच्याकडे शेतराखणीची बंदूक होती. मला थोडं कळतं त्यातलं."

झालं. त्या दिवशी मी मागच्या सीटवर.

दुकानात अरबाबनी सवयीने मलाच विचारलं, "क्या लेगा?"

खोक्यावरचा आकडा वाचून मी ठोकून दिलं, "आठ नंबर. सबसे तगडा."

तो हळूच मराठीत म्हणाला, "सर, नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. सहा घेऊ या."

मी ऐकलं नाही. शेवटी दुकानदाराने दोन्ही नंबरांचे छर्रे तळहातावर ओतून दाखवले. अरबाब हसले. "खलास, छे नंबर." म्हणजे विषय संपला.

परतल्यावर इंजिनियर मला म्हणाला, "अरबाबना सांगाल का, शुक्रवारी कावळे मारताना तो पांढरा पायघोळ कंदुरा नको. मातकट काहीतरी घाला म्हणावं. कावळ्याची नजर तेज असते."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

शुक्रवारी अरबाब शुभ्र कंदुऱ्यात आले. कावळे लांबूनच घिरट्या घालत राहिले. दोन तासांत एकही टप्प्यात आला नाही.

"तुमको मालूम नहीं था?" अरबाबनी त्याला विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "गलती हो गया, अरबाब."

मी उरलेली काडतुसं खोक्यात भरू लागलो. घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मला कशाला सांगताय? त्यांना सांगा."

शनिवारी अरबाबना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीन आदमी का खाकी कपडा लाओ. जाली भी."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघे जाळीआड बसलो. सकाळभरात अकरा कावळे पडले, बाकीचे फार्म सोडून गेले. अरबाबनी इंजिनियरच्या पाठीवर थाप मारली. मी त्याची माफी मागितली होती, त्याने ती मनापासून दिलीही होती. तरी ती थाप पाहून मला पुन्हा त्याचा हेवा वाटलाच.