नीलाबाईंची राहिलेली पुस्तकं

नीलाबाई खरातांनी वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफं वाचली. तिथं पुस्तक कधी पूर्ण हातात पडायचं नाही. सोळा-सोळा पानांचे तुकडे यायचे, त्यांना फर्मे म्हणत. प्रूफं वाचणारे तिघं होते आणि ज्याच्या टेबलावर जो फर्मा पडेल तो त्यानं वाचायचा. त्यामुळे एखाद्या नवरीची पाठवणी नीलाबाईंनी अक्षर न् अक्षर तपासलेली असायची, पण ती सासरी नांदली की नाही, ते शेजारच्या टेबलावर गेलेलं असायचं.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी आल्यावर भाजी चिरता चिरता त्या नवऱ्याला त्यातलं सांगायच्या. शिवराम खरात पालिकेच्या पाणीखात्यात होते. दिवसभर व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, लोकांची बोलणी खायची. पुस्तक म्हणून त्यांनी कधी हातात धरलं नाही, पण बायकोच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं.

"मग पुढं काय झालं?" ते विचारायचे.

"मला काय ठाऊक? पुढचा फर्मा शेजारच्या टेबलावर गोदूबाईंकडे गेला."

अशा अर्धवट राहिलेल्या पुस्तकांची नावं नीलाबाई एका वहीत लिहून ठेवायच्या. एकशे सतरा नावं झाली होती. काम सुटलं की ही सगळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या वडिलांनी अंबरनाथच्या चाळीत, रॉकेलच्या दिव्याखाली पोरीला वाचायला शिकवलं होतं. घरात वाचता येणारी ती पहिली बाई. वाचन हा त्यांच्यासाठी विरंगुळा नव्हता, मानाची गोष्ट होती.

निवृत्तीला दोन वर्षं असतानाच नीलाबाईंनी काम सोडलं. डोळे दुखतात म्हणाल्या. शिवराम तेव्हा स्वतः नुकतेच निवृत्त झाले होते. घरात सोबत होईल म्हणून त्यांना बरंच वाटलं. त्यांनी फार विचारलं नाही.

वाचन सुरू झालं खरं, पण पुढं सरकेना. सकाळी नऊला नीलाबाई खिडकीशी बसायच्या आणि अकराला पुस्तक मिटून नुसत्या बाहेर बघत राहायच्या. पुस्तकात खूण म्हणून त्या कंगव्याच्या डबीचं पुठ्ठ्याचं झाकण ठेवायच्या. एकदा फडकं मारताना शिवरामांच्या लक्षात आलं, की ते झाकण परवा साठाव्या पानाच्या आसपास होतं आणि आज विसाव्यापाशी आहे. दोन दिवसांनी पाहिलं तर ते पाचव्या पानावर होतं. पुस्तक पुढं जायच्या ऐवजी मागं येत होतं.

"परत पहिल्यापासून वाचतेयस का?"

"चांगलं आहे म्हणून," नीलाबाई म्हणाल्या आणि पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं.

त्यांचा मुलगा राजरत्न आणि सून मृणाल घोडबंदर रोडला राहायचे. दोघं कॉम्प्युटरच्या कंपनीत. एका रविवारी मृणाल आली ती टॅबलेट घेऊनच.

"आई, तुमची पुस्तकं संपत नाहीत ना? मी यात एक एआयचं ॲप टाकलंय. पानाचा फोटो काढायचा आणि मराठीत विचारायचं. आत्तापर्यंत काय झालं, हा माणूस कोण, काहीपण. ते बोलून सांगतं. माझीपण कितीतरी पुस्तकं अर्धी पडलेली, याच्यामुळे झाली."

नीलाबाईंनी दीपगृहावरच्या रखवालदाराची कादंबरी उघडली आणि पानाचा फोटो काढला. टॅबलेटमधून एका बाईचा शांत आवाज आला. गोष्ट आत्तापर्यंत कुठं आलीय, कोण कुणाचा कोण, सगळं चार वाक्यांत. नीलाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मृणालला वाटलं, आईंना आनंद झाला.

नऊ दिवसांत ती कादंबरी संपली. मग दुसरी, मग तिसरी. वहीतल्या नावांवर बारीक बरोबरच्या खुणा पडू लागल्या. दिवाळीपर्यंत तेवीस झाल्या. राजरत्न फोनवर मित्रांना कौतुकानं सांगायचा. शिवरामही सुखावले होते. फक्त एक गोष्ट पहिल्यासारखी राहिली नव्हती. नीलाबाई आता त्यांना गोष्ट सांगत नसत. कानात इअरफोन घालून बसायच्या, ओठ हलायचे, बोट पानावरून सरकायचं. टॅबलेट स्वयंपाकघरात भांड्यांच्या रॅकवर, टॅबलेट मंडईत पिशवीत, टॅबलेट उशीपाशी. शिवरामांनी एकदा सहज तो उचलून बाजूला ठेवला, तर नीलाबाई इतक्या दचकल्या की त्यांच्या हातातलं पातेलं पडलं.

जवळच्या वाचनालयात बायकांचा वाचनगट होता. तो चालवणाऱ्या ऋजुता मॅडमनी डिसेंबरात नीलाबाईंना बोलायला बोलावलं. चाळीसेक माणसं होती. नीलाबाईंनी समोर टॅबलेट ठेवला आणि दीपगृहाच्या कादंबरीवर वीस मिनिटं बोलल्या. सुरेख बोलल्या. मागच्या रांगेत बसलेल्या शिवरामांना मात्र ते बोलणं अनोळखी वाटलं. त्यात नीलाबाईंचा एकही शब्द नव्हता.

टॅबलेट पिशवीत गेला, टाळ्या झाल्या आणि एका बाईनं विचारलं, "रखवालदाराची बायको शेवटी परत येते का हो?"

नीलाबाई हसल्या. त्यांचा हात पिशवीत गेला आणि तिथंच थांबला. आत काहीतरी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच, पण डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, गर्दीत हरवलेल्या माणसाचे फिरतात तसे.

"ते तुम्हीच वाचा," अखेर त्या म्हणाल्या. सगळे मोकळेपणी हसले. ऋजुता मॅडमनी गुलाबाचं फूल दिलं.

शिवराम मात्र धास्तावले. कशाची भीती वाटली ते त्यांना सांगता आलं नसतं. 

त्यानंतर आठवड्याभरात एका दुपारी नीलाबाई आंघोळीला गेल्या आणि टॅबलेट पलंगावर उघडा राहिला. शिवराम तो बंद करायला वाकले. पडद्यावर नीलाबाईंनी विचारलेलं आणि यंत्रानं सांगितलेलं सगळं एकाखाली एक लिहिलेलं होतं. ते पलंगावर बसून, चष्मा लावून वाचू लागले.

"दत्तू कोण?" असं विचारलेलं होतं. खाली उत्तर होतं, "दत्तू हा रखवालदाराचा धाकटा भाऊ." त्याखाली पुन्हा, "दत्तू कोण?" पुन्हा तेच उत्तर. शिवरामांनी मोजलं. एकाच सकाळी तो प्रश्न अकरा वेळा होता. अकराही वेळा यंत्रानं तितक्याच गोडीनं सांगितलं होतं. हे तुम्ही मघाशीच विचारलंत, असं ते एकदाही म्हणालं नव्हतं.

त्यांनी बोट फिरवलं. आणखी मागचं येत गेलं, मग अलीकडचं. पुस्तकातले प्रश्न कमी होत चालले होते.

"आज वार कोणता?"

"मी गॅस बंद केला का?" यावर उत्तर होतं, "मला तुमचा गॅस दिसत नाही. कृपया जाऊन पाहा."

"बाहेरून कसला वास येतोय?" डोंबिवलीच्या एमआयडीसीतला तो वास. तीस वर्षं ज्याच्या नावानं नीलाबाई नाक मुरडत आल्या, तोच.

आणि नोव्हेंबरातलं एक, प्रश्न नव्हे, सांगणं होतं. "लिहून ठेव. माझ्या नवऱ्याचं नाव शिवराम. मुलगा राजरत्न, सून मृणाल. मी विचारलं की सांग. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. शिवराम तसेच बसून राहिले. टॅबलेट लपवावा हेही त्यांना सुचलं नाही. नीलाबाई केस पुसत दारात आल्या, त्यांच्याकडे पाहिलं, टॅबलेटकडे पाहिलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"वाचलंत?"

"हे कधीपासून, नीला?"

"छापखान्यात होते तेव्हापासून. एक फर्मा तपासून दिला आणि तासाभरानं तोच पुन्हा मागायला गेले. फर्मे वाटणारा म्हणाला, मॅडम, यावर तुमचीच सही आहे." त्या थांबल्या. "दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला माझा. स्वतःची दिसली नसेल असं वाटलं तुम्हाला?"

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतंत. त्यांनी आजाराला नाव दिलं असतं. मग माझ्या हातात पुस्तक कुणी दिलं असतं? लहान पोर जिना नीट चढतं का बघतात, तसं माझ्याकडे बघत बसला असतात सगळे."

शिवराम रडले. अडतीस वर्षांत नीलाबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "थोडीच पुस्तकं निवडून ठेवलीत मी. अगदी हवीतच अशी सहा. तेवढी होऊ द्या. मग कुठं न्यायचं तिथं न्या. राजूला सांगू नका तोवर."

आणि शिवरामांनी कबूल केलं. पुढं स्वतःला दोष देताना ते याच जागी येऊन थांबायचे. त्या दिवशी हो म्हणालो नसतो तर. पण समोर नीला होती, शुद्धीवर होती, आणि मागत काय होती, तर सहा पुस्तकं.

सात आठवडे गेले. शिवराम गॅस स्वतः बंद करू लागले, दाराला आतून वरची कडी लावू लागले. नीलाबाई आता इअरफोन घालायच्या नाहीत; दुपारी शिवरामांना पलीकडच्या खोलीतून बायकोचा हलका आवाज ऐकू यायचा आणि त्याला उत्तर देणारा तो दुसरा शांत आवाज. कधी कधी ते दाराशी उभे राहून ऐकायचे. पुस्तकाचं एकही नाव त्यात नसायचं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ते पेन्शनच्या, राहून गेलेल्या हयातीच्या दाखल्यासाठी बाहेर गेले. तासाभरात परतले तर दार सताड उघडं, चपला नाहीत, टॅबलेट नाही. त्यांनी इमारत पालथी घातली, मंडई पाहिली, वाचनालय पाहिलं. शेवटी मृणालला फोन लावला आणि सात आठवड्यांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. मृणालनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी निघते. तुम्ही घरीच थांबा. आई आल्या तर घरात कुणीतरी हवं."

दीड वाजता मृणालला अनोळखी नंबरावरून फोन आला. कुंडलिक नावाचे वॉचमन वागळे इस्टेटमधून बोलत होते. टॅबलेट देताना मृणालनं मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांना तिचा नंबर मिळाला होता. छापखाना मधल्या काळात बंद पडला होता, तिथं आता कुरियरचं गोडाऊन होतं. नीलाबाई सकाळपासून फाटकाशी स्टुलावर बसून होत्या.

"फर्मा द्या म्हणतात," कुंडलिक म्हणाले. "मला काय समजेना. पाणी दिलं, चहा दिला. आमच्या फाटकावरच्या पाटीत काना राहिलाय, तेवढं बरोबर सांगितलं हो त्यांनी."

घरी आणल्यावर मृणालनं टॅबलेट चार्ज केला आणि उघडून पाहिला. सकाळी नऊ वीसला विचारलं होतं, "कामावर जायला उशीर झाला. वागळे इस्टेटला कसं जायचं?" यंत्रानं नीट सांगितलं होतं. डोंबिवलीहून ठाण्याची गाडी, पश्चिमेला बाहेर पडून बस, कुठल्या थांब्यावर उतरायचं तेही. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

"मीच हे ॲप टाकून दिलेलं," मृणाल म्हणाली. 

डॉक्टर ठाण्याचे होते, शांत स्वभावाचे. त्यांनी नीलाबाईंना घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. कागदावरचं घड्याळ पाहून राजरत्न खोलीबाहेर गेला. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर आजाराचा वेग थोडा कमी करता आला असता, डॉक्टर म्हणाले, आता जे आहे ते सांभाळायचं. "घरात इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"मी येऊ दिलं नाही," नीलाबाई म्हणाल्या. त्या दिवशी पूर्ण शुद्धीत त्यांनी बोललेलं ते एकच वाक्य.

राजरत्ननं टॅबलेट काढून नेला. त्या आठवड्यात नीलाबाई जेवल्या नाहीत की झोपल्या नाहीत. घरातल्या प्रत्येक माणसाला पाहून भिंतीला टेकायच्या, आणि रिकाम्या तळव्यावर बोट फिरवत राहायच्या. आठव्या दिवशी मृणालनंच तो परत आणून दिला. त्या कुठं निघाल्या तर आपल्याला कळेल अशी सोय तिनं त्यात केली होती. नीलाबाईंनी तो छातीशी धरला आणि ताटलीतला भात खाल्ला.

सहातली किती पुस्तकं झाली ते आता कुणी विचारत नाही. राजरत्ननं आईबाबांना घोडबंदरला न्यायचं ठरवलंय, सामान बांधायचं काम चालू आहे. राजरत्नचं घर सतराव्या मजल्यावर आहे. तिथल्या खिडक्यांना जाळ्या बसवायला शिवरामांनी सांगितलंय.

परवा सकाळी ते स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आतून नीलाबाईंचा दबका आवाज आला. त्या यंत्राला काहीतरी विचारत होत्या, यंत्र काहीतरी सांगत होतं. मग पावलं वाजली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर नीट केला, परक्या माणसासमोर करतात तसा. लग्नापासून आजवर त्यांनी नवऱ्याला "अहो" याशिवाय हाक मारलेली नव्हती.

"शिवराम," त्या म्हणाल्या. प्रत्येक अक्षर वेगळं, तपासून घेतल्यासारखं. "शिवराम, मला चहा मिळेल का?"

शिवरामांच्या हातून थोडा चहा ओट्यावर सांडला.

"हो," ते म्हणाले. "बसा. देतो."